फाटकाला तेल का घातलं नाही

माझा धंदाच शंका घेण्याचा. विमा कंपनीसाठी मी नुकसानीची पाहणी करते. कुणाचं दुकान जळतं, कुणाच्या तळघरात पाणी शिरतं, कुणाची गाडी उभ्या भिंतीवर जाऊन आदळते. मग मी तिथे जाते, वाकून बघते, वास घेते आणि झालं ते सांगतात तसंच झालं का, याचा अहवाल लिहिते. बरीच वर्षं हे केलं की माणसाचा स्वभाव बिघडतो. घरात कप फुटला तर मी आधी तुकडे कुठवर उडालेत ते बघते आणि मगच कुणाला तरी हाक मारते. माझा नवरा पोहायला शिकवतो. तो म्हणतो, "मी लोकांना पाण्यात सोडतो आणि तू लोकांना पाण्यात बघतेस." त्याला हा विनोद फार आवडतो, आणि पाहुणे आले की तो हमखास होतो.

आमच्या मुलीला आम्ही ठकी म्हणतो. जन्मली तेव्हा लाकडाच्या बाहुलीसारखी गप्प पडून असायची, म्हणून हे नाव पडलं. पुढे तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. गणिताने तिच्याशी जन्माचं वैर धरलेलं, विज्ञानाशी बरं चाललेलं, आणि पुस्तकांशी मात्र गळ्यात गळा. दुसऱ्या गावात एक शाळा आहे, तिथे शेवटची दोन वर्षं साहित्य हाच मुख्य विषय घेता येतो. राहायचं तिथल्याच वसतिगृहात. जागा मोजक्या. तिचे बाकीचे गुण बेताचे, त्यामुळे सगळी भिस्त एका निबंधावर होती. शाळेने एक छोटी गोष्ट पाठवली होती, तिचं विश्लेषण लिहून रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं. जमलं तर ठकी जाणार, नाही तर इथेच राहून गणिताशी झुंजणार. तिने त्या शाळेशिवाय दुसरं काही बोलायचंच सोडून दिलं होतं, आणि झोपेतही तिचं तेच चाललं असणार.

गोष्ट जेमतेम दोन पानांची. एका बाईचा मुलगा बोटीवरच्या नोकरीला निघालाय. त्या सकाळी ती बाई तेलाचा डबा घेऊन घरभर फिरते. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालते, खिडक्यांना घालते, शिवणयंत्राला घालते, शेजाऱ्याची सायकल दिसते तर तिच्या साखळीलाही घालते. मुलगा म्हणतो, फाटकालाही घाल, फार करकरतं. ती म्हणते, ते राहू दे. मुलगा निघतो तेव्हा ती बाहेरही येत नाही. फाटक करकरतं, मुलगा जातो, ती डबा जागेवर ठेवते आणि गोष्ट संपते. मी वाचली आणि मला वाटलं, हे काय, शेवटचं पान हरवलं की काय.

ठकीचा पहिला मसुदा तिच्या भाषेच्या बाईंनी शुक्रवारी परत केला. त्यात तिने ती दोन पानांची गोष्ट तीन पानांत पुन्हा सांगितली होती आणि खाली लिहिलं होतं की लेखकाने आईच्या प्रेमाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे. बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की गोष्ट त्यांनी वाचलेली आहे, ती परत ऐकायची त्यांना हौस नाही. आणि आईचं प्रेम असतं हे सांगायला निबंध लागत नाही, त्यावर कोण नाही म्हणणार? सुरुवातीलाच तुझं एक म्हणणं मांड, आणि ते असं असू दे की एखाद्याला त्याच्याशी भांडता आलं पाहिजे. मग प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा घे. त्याला गोष्टीतल्या शब्दांचा आधार दे, पण शब्द नुसते आणून टाकू नकोस, त्यातून तुझं म्हणणं कसं निघतं ते सांग. तुझ्या विरुद्ध काय बोलता येईल ते आधी तूच बोलून टाक. आणि शेवटी पुन्हा तेच दळण दळू नकोस, एवढं सिद्ध झाल्यावर गोष्ट कशी वेगळी दिसते ते सांगून थांब.

घरी येऊन ठकीने हे सगळं एका दमात ओकलं. मी म्हटलं, अगं, मग हे तर माझं रोजचं काम. म्हणणं, पुरावा, पुराव्याचा अर्थ, विरुद्ध बाजू, निष्कर्ष. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? मी करते मदत. नवऱ्याने वर्तमानपत्र जरा वर उचललं. तो असं करतो तेव्हा त्याला हसू आलेलं असतं.

शनिवारी ठकी मैत्रिणीकडे गेली आणि मी तिला नमुना म्हणून एक निबंध लिहायला बसले. हात एकदा चालू लागला की माझं मलाही आवरत नाही. घटनास्थळ, घटनेपूर्वीची स्थिती, प्रत्यक्ष साक्षीदार, नुकसानीचे संभाव्य कारण. फाटक नादुरुस्त असल्याची पूर्वसूचना मुलाने दिली होती. सूचनेकडे दुर्लक्ष झाले. घरातील अन्य सर्व बिजागऱ्या व शेजाऱ्याची सायकल यांवर तेल खर्च झाल्याने फाटकासाठी ते उरले नसावे. नियोजनाचा अभाव. जबाबदारी सर्वस्वी बाईची. मला स्वतःला तो निबंध फार आवडला.

ठकीने तो वाचला आणि पोट धरून हसली. मग वडिलांना दिला. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले की या बाईला विम्याचा छदामही मिळणार नाही, एवढं पक्कं कळलं. मला राग आला. मी म्हटलं, नाकाने कांदे सोलायला काय जातं, काही चुकलं असेल तर दाखवा. तेव्हा ठकीचं हसू थांबलं. ती म्हणाली, "आई, तू चूक कुणाची ते शोधतेयस. या गोष्टीत कुणाचीच चूक नाहीये."

चूक कुणाचीच नाही, असं एकही प्रकरण मी आजवर पाहिलेलं नाही, असं मी तिला सुनावलं आणि भांडी आपटत आवरली. नवरा पोहण्याच्या तलावावर निघून गेला. रविवार असता तर सुटी होती, पण शनिवारी त्याला पळायला जागा असते.

रविवारी सकाळपासून ठकी खोलीचं दार लावून बसली. मी दोनदा दारावरून गेले, ती आपली सहजच. दुपारी जेवणं झाल्यावर ती चार कागद घेऊन स्वयंपाकघरात आली, ते माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हणाली की आता तपास, आणि जसं कामावर करतेस तसंच तपास, दयामाया नको. नवरा ताटं विसळत होता. त्याने नळ बारीक केला.

मी पहिलं वाक्य वाचलं. 'ही बाई फाटकाला तेल घालायला विसरलेली नाही. मुलगा परत येईल तेव्हा आपल्याला कळावं म्हणून तिने ते मुद्दाम करकरतं ठेवलं आहे.' मनात म्हटलं, आहे बाबा, याच्याशी भांडता येईल. आणि लागले भांडायला.

मी विचारलं, मुद्दाम कशावरून? तिने दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. बाई शेजाऱ्याच्या सायकलीलासुद्धा तेल घालते, म्हणजे तिला करकर सहन होत नाही आणि ती आळशीही नाही. अशी बाई स्वतःच्या फाटकाला वगळते, तेव्हा ते वगळणंच बोलतं. मी विचारलं, मुलगा सांगेपर्यंत तिच्या डोक्यातच आलं नसेल तर? ती म्हणाली की मग त्याने सांगितल्यावर तिने घातलं असतं. ती 'बरं' म्हणत नाही, 'नंतर बघू' म्हणत नाही, 'राहू दे' म्हणते. जे आहे तसंच हवं असेल तेव्हा माणूस राहू दे म्हणतो. मला हे पटलं, पण चेहऱ्यावर दाखवायची माझी पद्धत नाही.

मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. तेल संपलं असेल. एवढ्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, सायकल, आणि डबा तो केवढा? साध्या कारणाने काम भागत असताना सुतावरून स्वर्ग गाठायचा नसतो, हे मी कामावर नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते.

ठकीने कागद उलटला. शेवटच्या पानावर तिने गोष्टीतलं शेवटचं वाक्य उतरवून घेतलं होतं. तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. 'सांडू नये म्हणून तिने डबा सरळ धरला आणि जागेवर ठेवला.'

"रिकामा डबा कुणी सरळ धरतं का, आई?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग मूळ गोष्ट ओढून घेतली आणि त्यात पाहिलं. वाक्य होतं, आणि ते माझ्या डोळ्यांखालून कालच गेलं होतं. जळक्या दुकानात राखेतून कुलूप शोधून काढणारी मी, तेल शिल्लक असलेला डबा बघितला नाही. कारण दोष कुणाचा हे ठरवून मग मी पुरावा शोधायला निघाले होते. नवऱ्याने नळ बंदच केला. पाण्यात बघण्याचा विनोद त्याने गिळला, हे त्याने आयुष्यात केलेल्या थोड्या शहाणपणाच्या गोष्टींपैकी एक.

मला खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. निबंध उभा राहिला होता, मीच हलवून बघितला होता. पण मला थांबवेना. मी पुन्हा पहिल्या पानावर गेले, शब्दांवर बोट फिरवलं, एक स्वल्पविराम सुचवला, एक वाक्य लांब आहे म्हटलं. ठकी घड्याळाकडे बघत होती. मग मी म्हटलं की एक मोठी गोष्ट राहिलीच आहे. बाई बाहेर का येत नाही? मुलगा बोटीवर चाललाय, आणि ही आत उभी. याचं उत्तर तुझ्या निबंधात नाही, आणि ते वाचणाऱ्यांच्या नक्की लक्षात येईल.

ठकी म्हणाली की तिने त्यावर खूप विचार केला, पण सापडलं नाही. म्हणून तिने प्रामाणिकपणे लिहिलंय की गोष्ट हे सांगत नाही.

"त्यात न सापडण्यासारखं काय आहे," मी म्हटलं. "बाहेर आली असती तर तिने त्याचा हात धरला असता, आणि मग सोडला नसता. म्हणून ती आत राहिली. तिला फाटक फक्त तो परत येताना ऐकायचं नव्हतं. तो जातानाही ऐकायचं होतं. डोळ्यांनी बघणं झेपलं नसतं, कानांनी ऐकणं जेमतेम झेपलं असतं. तेवढंच तिच्याने होणार होतं."

हे मी एका दमात बोलले. बोलताना आवाज जरा चढला होता. ठकी माझ्याकडे बघत होती. मग तिने पेन उचललं, माझं म्हणणं लिहून घेण्यासाठी, आणि लिहायच्या आधी बाईंनी शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"याला पुरावा काय? कोणत्या ओळीत आहे?"

मी गोष्ट पुन्हा चाळली. पहिलं पान, दुसरं पान. माझ्या कामात हा क्षण मला चांगला माहीत आहे. समोरचा माणूस शपथेवर सांगत असतो आणि त्याच्या हातात कागदाचा कपटाही नसतो, आणि मी मान हलवून पेन खाली ठेवते.

"गोष्टीत नाही," मी म्हटलं.

"मग तुला कसं माहीत?"

नवऱ्याने हात पुसायचे सोडून दिले होते. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याने मान दुसरीकडे वळवली. त्यालाही ठाऊक होतं आणि त्यालाही बघवत नव्हतं. मी म्हटलं, "कारण तू जावंस असं मला वाटत नाही. आणि तुझी जागा हुकावी असंही मला वाटत नाही. कालपासून मी तुझा निबंध तपासत नाहीये, ठके. तुला पाठवायला उशीर करतेय."

 ठकीने पेनाला टोपण लावलं. माझं ते म्हणणं तिने निबंधात घातलं नाही, कारण त्याला गोष्टीत आधार नव्हता, आणि माझीच मुलगी ती. तिने कागदांचे फोटो काढले, शाळेला पाठवायच्या ईमेलला जोडले आणि फोन टेबलावर माझ्यासमोर सरकवला. शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं.

मी ते दाबलं.