लिटरला अठरा

मी एक जुनी डिझेल मोटार आहे. काळी, लांबलचक आणि पोटाची मोठी. सध्या मी जुन्या गाड्यांच्या बाजारात तिसऱ्या रांगेत उभी आहे. माझ्या पुढच्या काचेला आतून एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर लिहिले आहे, 'एकच मालक, स्वतः चालवलेली, लिटरला अठरा.' मित्रांनो, या तीन गोष्टींपैकी फक्त पहिली खरी आहे. उरलेल्या दोन खोट्या कशा, ते सांगावे म्हणून आज बोलते आहे. एरवी आम्हा मोटारींना गप्प उभे राहायचीच सवय असते.

आधी त्या अठराची गोष्ट ऐका. माझा जन्म एका मोठ्या, लखलखीत कारखान्यात झाला. रंग लागला, कातड्याच्या गाद्या बसल्या, आणि मग मला एका बंद खोलीत नेले. तिथे माझी चाके जागच्या जागी फिरणाऱ्या लोखंडी रुळांवर ठेवली. खोलीत वारा नव्हता, चढ नव्हता, खड्डा नव्हता. एसी बंद होता. पांढऱ्या डगल्यातला एक माणूस पायाखाली अंडे असल्यासारखा पेडलवर पाय टेकवून बसला होता. चाके फिरत राहिली, मी तसूभरही हलले नाही, आणि शेवटी आकडा आला अठरा. म्हणजे एका जागी उभी राहून मी लिटरला अठरा किलोमीटर गेले. तो आकडा गुळगुळीत कागदावर छापला गेला, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. लहान होते, अक्कल नव्हती.

मला ज्यांनी घेतले त्यांचा फरशांचा कारखाना होता. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी मला पाहण्याआधी तो छापील आकडा पाहिला होता. साहेब वाईट नव्हते. छापलेल्या अक्षरावर त्यांचा माणसापेक्षा जास्त विश्वास होता, एवढेच.

मला चालवायला त्यांनी एक पन्नाशीचा, काटकुळा ड्रायव्हर ठेवला. डिझेलच्या पंपावर त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण तो प्रत्येक गोष्ट खिशातल्या छोट्या वहीत बोटभर पेन्सिलीने टिपून ठेवी. किती किलोमीटर झाले, किती लिटर भरले, कुठे किती वेळ थांबलो, सारे त्यात असे. मला पुसायला मास्तरांकडे दोन फडकी होती, एक काचेचे आणि एक अंगाचे. पाच वर्षांत त्यांनी ती एकदाही एकमेकांत मिसळली नाहीत. सकाळी बॉनेटवर हात ठेवून ते हळूच म्हणत, "चल बाई." मला इतक्या किमतीची गाडी म्हणून सगळे ओळखत. बाई म्हणणारे मास्तर एकटेच होते.

आता माझे रोजचे काम सांगते. घर ते कारखाना चार किलोमीटर. वाटेत तीन सिग्नल, सात गतिरोधक. माझ्यासारखे अडीच टनांचे धूड रस्त्यावर आणायचे, आणि इंजिन गरम होते न होते तोच कारखान्याचे फाटक दिसायचे. डिक्कीत फरशांच्या नमुन्यांची दोन खोकी कायमची बसलेली. साहेब कधी कुणाच्या बांधकामावर जात, कधी कचेरीत. उतरताना म्हणत, "गाडी चालू ठेवा मास्तर, आत गार राहू दे. मी आलोच."

साहेबांचे 'आलोच' पाऊण तासाचे असे. कधी सव्वा तासाचे. तेवढा वेळ मी रिकाम्या गाद्यांना गारवा देत एका जागी घुरघुरत उभी राहायचे. एका जागी उभे राहण्याचाच माझा तो नावलौकिक होता म्हणा, पण इथे रूळ नव्हते आणि किलोमीटरही वाढत नव्हते. डिझेल मात्र जात होते. शेवटी लिटरला किती पडे? पावणेनऊ. फार तर नऊ.

नाव मोठे आणि लक्षण खोटे. ते लक्षण माझे होते, पण बोट दुसऱ्याकडे गेले.

झाले असे, की एका रविवारी साहेबांनी स्वतः मला परगावी नेले. रस्ता रुंद आणि रिकामा होता. एकाच वेगाने अडीचशे किलोमीटर गेलो आणि समोरच्या पडद्यावर चौदा उमटले. मी अठराची गाडी चौदावर आले याचे त्यांना वाईट वाटायला हवे होते. पण तसे झाले नाही. चौदा त्यांच्या डोक्यात रुतून बसले.

सोमवारी सकाळी ते म्हणाले, "मास्तर, माझ्या हातात चौदा देते. तुमच्या हातात पावणेनऊ. बाकीचं डिझेल जातं कुठं?"

मास्तरांच्या हातातले फडके थांबले. "साहेब, तो मोकळा रस्ता होता. इथं..."

"इथं काय?"

इथं तुम्ही गाडी चालू ठेवायला सांगता, एवढे सहा शब्द होते. पण मालकाची चूक मालकाला दाखवायची सवय त्या जिभेला नव्हती. "इथं गर्दी असते, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेब हसले. ते हसू मला आवडले नाही. "ठीक आहे. मी आठ दिवस बाहेर चाललोय. गाडी कारखान्याच्या कामाला फिरू दे. तेवढ्यात बघून घेऊ."

त्यांनी स्वतः पंपावर येऊन माझी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. मग टाकीच्या झाकणावर एक कागदाची पट्टी आडवी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. झाकण उघडले तर कागद फाटणार. गोंदाची बाटली धरायला मास्तरांनाच सांगितले होते. पंपावरची माणसे बघत होती. मास्तर खाली मान घालून बाटलीचे टोपण घट्ट लावत राहिले, ते आधीच घट्ट होते तरी.

मित्रांनो, ज्या माणसाने जन्मभर एकच गोष्ट सांभाळली, की आपल्याबद्दल कुणी वावगे बोलू नये, त्याला त्या पट्टीने काय झाले असेल ते तुम्हीच ठरवा. बायकोपोरांचे पोट त्या नोकरीवर होतेच. पण त्याहून मोठे त्यांचे नाव होते, आणि ते आता माझ्या झाकणावर चिकटले होते.

मास्तरांनी ठरवले, आठ दिवसांत दाखवून द्यायचे. त्यांनी नमुन्यांची खोकी डिक्कीतून काढून कारखान्याच्या कोठीत ठेवली. चारही चाकांची हवा तपासली. सिग्नलला इंजिन बंद, उतारावर पाय उचललेला. एकटे असले की एसी लावायचा नाही, काचा खाली, शर्ट पाठीला चिकटलेला. आणि साहेबच नसल्यामुळे 'मी आलोच'ही नव्हते.

आठवड्यातून दोनदा साहेबांच्या आईला दवाखान्यात न्यायचे असे. त्यांना दम्याचा त्रास होता. मास्तर त्यांना आजी म्हणत. आजी मागे कधी बसत नसत. "मागं बसलं की आपल्याच गाडीत पाहुणी झाल्यासारखं वाटतं," म्हणायच्या, आणि मास्तरांच्या शेजारी बसायच्या.

"आज गार का नाही रे?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले.

"परीक्षा आहे आजी."

आजींनी झाकणावरचा कागद पाहिला होता. त्या म्हणाल्या, "मग पास हो. राहू दे बंद. मी काही लोण्याची नाही वितळायला." आणि कालच्या वर्तमानपत्राची घडी घालून त्या वारा घेऊ लागल्या, मधूनच एक झुळूक मास्तरांकडेही पाठवू लागल्या. त्या आठवड्यात माझ्यात जितके हसणे झाले तितके आधी कधी झाले नव्हते, नंतर तर नाहीच.

आठव्या दिवशी मास्तरांनी पडद्यावरचा आकडा वहीत उतरवला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही पुढच्या कप्प्यात ठेवून दिली. मीसुद्धा वेडी. मलाही वाटले, जिंकलो.

साहेब आले. कागद शाबूत होता. पंपावर टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली, अंगणात आल्यावर भागाकार झाला. सव्वाबारा.

साहेबांनी भागाकार पुन्हा एकदा करून पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "कागद नव्हता तेव्हा पावणेनऊ. कागद लावला की सव्वाबारा."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचे हसू जायलाही थोडा वेळ लागला. आपणच आपल्याविरुद्ध साक्ष दिली हे त्यांच्या ध्यानात हळूहळू येत होते. "साहेब, मी एसी बंद ठेवला होता. डिक्कीतली खोकी काढली. सिग्नलला..."

"एसी बंद? आईला नेताना पण?"

"...हो."

"तिला दम लागतो, माहीत आहे ना तुम्हाला? त्या उन्हात तिला तसंच नेलंत?"

पायरीवरून आजी म्हणाल्या, "मीच सांगितलं त्याला. त्याला कशाला बोलतोस?"

"आई, तू यात पडू नकोस."

मास्तर एवढेच म्हणाले, "बावीस वर्षं गाडी चालवतोय साहेब. थेंबाला हात लावला नाही."

"मी कुठं तसं म्हणालो?" साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणतोय."

त्यांनी चोर हा शब्द उच्चारला असता, तर मास्तरांना नाही म्हणता आले असते. न उच्चारलेल्या शब्दाला काय उत्तर देणार? त्यांनी किल्ली दिली. दोन्ही फडक्यांच्या वेगवेगळ्या घड्या करून पायरीवर ठेवल्या. जाताना बॉनेटवर हात ठेवला, पण 'चल' म्हणायला काही कारण उरले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे झाले. खरा चोर तिथेच चार चाकांवर उभा होता आणि त्याला तोंड नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगते. दुसरा ड्रायव्हर आला. त्याच्या वेळी साडेआठ पडले. त्यालाही कागद लावून झाला, त्याने कसलीच काटकसर केली नाही, कागद असूनही साडेआठच. साहेब म्हणाले, "हा तर कागदालाही पुरून उरला," आणि त्यालाही काढले. मग ते स्वतःच मला चालवू लागले. त्याच वर्षी आजी गेल्या. शेवटचे काही महिने दवाखान्यात जाताना त्या मागे बसत.

एका दुपारी साहेब कारखान्याच्या आवारात मला चालू ठेवून फोनवर बोलत बसले होते. पलीकडे कुणी वाट बघत असावे, कारण तीनदा "आलोच" म्हणून झाले. अर्धा तास गेला. समोरच्या पडद्यावरचा आकडा आठ पूर्णांक सहावरून आठ पूर्णांक पाचवर आला, मग आठ पूर्णांक चारवर. मी तसूभरही हलले नव्हते. साहेबांचे लक्ष गेले. फोन ठेवून ते त्या आकड्याकडे बघत राहिले. तो आठ पूर्णांक तीनवर आला तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली.

मग उगीच, हाताला काहीतरी काम हवे म्हणून, त्यांनी पुढचा कप्पा उघडला. कागदपत्रांच्या खाली मास्तरांची वही होती. 'सोमवार. कचेरी. ५० मि. थांबलो, इंजिन चालू.' 'गुरुवार. बांधकाम. १ तास १० मि., चालू.' पानामागून पान तेच. कुठेही तक्रार नव्हती, नुसती मिनिटे होती. शेवटच्या पानावर त्या आठ दिवसांची नोंद होती. 'शुक्रवार. आजींना धाप. लगेच एसी लावला, घरापर्यंत. आकडा कमी आला तरी चालेल.'

साहेबांनी वही मांडीवर ठेवली आणि फोन लावला.

"बोला साहेब," मास्तर लगेच म्हणाले. त्यांनी नंबर पुसला नव्हता. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"मास्तर... कुठं असता सध्या?"

"शाळेच्या बसवर आहे."

साहेबांनी दोनदा तोंड उघडले. मला वाटले, आता म्हणतील. पण ज्याला माफी मागायची सवय नाही त्याला ऐन वेळी शब्द कुठून सापडणार? पलीकडून मास्तरांनीच त्यांची सुटका केली. "गाडी बरी आहे ना? डिझेलचा फिल्टर बदलायला झाला असेल, बघा. आणि आजींचा दमा कसा आहे?"

"आई गेली, मास्तर. पाच महिने झाले."

मुलांचा गलका दूर गेला, मास्तर बसमधून खाली उतरले असावेत. मग मास्तर म्हणाले, "कळवलं असतंत तर आलो असतो, साहेब."

फोन बंद झाल्यावर साहेब कितीतरी वेळ माझ्या स्टिअरिंगवर डोके टेकून बसले. आत फार उकडत होते, तरी त्यांनी एसी लावला नाही. त्यानंतर ते माझ्यात फारसे बसले नाहीत. महिन्याभरात त्यांनी मला विकले. वही मात्र घेऊन गेले.

मित्रांनो, माझे म्हणणे फार नाही. गाडी थांबली की इंजिन बंद करा, हे तर कुणीही सांगेल. मी एवढेच मागते, की कुणाच्या हातून काही कमी पडले असा हिशेब मांडाल, तेव्हा त्या वेळी आपण स्वतः कुठे बसलो होतो तेही आठवून बघा. बहुतेक वेळा मागच्या सीटवर, गारव्यात बसलेले असतो. आणि चूक कळली तर माणूस फोनवर असतानाच बोलून टाका.

आज सकाळी एक गिऱ्हाईक माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून समोर थांबले. पुठ्ठा वाचून त्याने दलालाला विचारले, "खरंच अठरा देते का हो?"

दलाल हसला नाही की गडबडला नाही. सरळ म्हणाला, "देते की. शेवटी चालवणाऱ्याच्या हातावर असतं, साहेब."

गिऱ्हाईकाने मान डोलावली, आणि दोन पावले मागे उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हरकडे वळून पाहिले.