पाहुण्यांची मुदत

राउटरच्या पानावर बारा नावं होती. घरात मोजली तेव्हा नऊ भरली.

ठकीने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बाबांचा संगणक, त्याला लागून ठेवलेला प्रिंटर, आईचा आणि बाबांचा फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, आईचा जुना टॅब, तिचा स्वतःचा फोन आणि लॅपटॉप. नऊच. ती वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ठकी हे घरातलं नाव, तिथलं वेगळं होतं, आणि बारात तीनचा फरक तिथे कुणी खपवून घेतला नसता.

बाबा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले होते. चष्मा कपाळावर, मांडीवर पाठकोरा कागद. टपालखात्यात चौतीस वर्षं सॉर्टिंगला काढलेल्या माणसाला यादी दिसली की पेन्सिल लागतेच.

"तीन जास्त आहेत," ठकी म्हणाली. "माझी मीटिंग उगाच नाही अडकत. आपलं इंटरनेट कुणीतरी वापरतंय."

"कुणीतरी कशाला, खालचा शिंपी वापरतो," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "मीच दिला पासवर्ड. त्याच्या मुलीची परीक्षा होती."

"कधी?"

"झाली की मागेच. पास पण झाली."

"आणि दुसरं?"

"वरच्या गाण्याच्या बाई. त्यांचं आपलं शिकवणीपुरतं. हवेतून तर येतं ते, आपलं काय झिजतंय?"

"लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तसा पासवर्ड वाटलाय हिने," बाबा कागदाकडे बघत म्हणाले.

बारावं नाव करड्या रंगात होतं. म्हणजे यंत्र ओळखीचं, पण आत्ता जोडलेलं नाही. शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची. 'जावई'. ते नाव बाबांनीच कधीतरी टाकलेलं असणार. ठकीने पान वर सरकवलं.

"एक करता येईल," ती म्हणाली. "ह्याच राउटरमधून दोन नेटवर्क काढायची. एक घरच्यांचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांना इंटरनेट मिळतं, पण आपली यंत्रं त्यांना दिसत नाहीत. शिवाय त्यांना मुदत घालता येते. मुदत संपली की आपोआप बंद."

"म्हणजे बाहेरच्या खोलीत बसवायचं. चहा द्यायचा, आत घ्यायचं नाही."

"तसंच."

बाबांनी कागदावर मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे 'घरचे' लिहिलं, उजवीकडे 'पाहुणे'. मग चष्मा खाली घेऊन ते एकेक नाव पुकारू लागले. आवाज चढा नाही, उतरता नाही. पूर्वी रविवारी ठकी डबा घेऊन कचेरीत जायची तेव्हा सॉर्टिंगच्या लांब टेबलाशी चालायचा तोच सूर.

"टीव्ही."

"घरचा."

"शिंपी."

"पाहुणा."

"कॅमेरा."

"घरचा."

"दिवसभर दाराबाहेर असतो तो," आई म्हणाली.

"बाहेर मीही असतो दिवसभर," बाबा म्हणाले. "गाण्याच्या बाई."

"पाहुण्या."

"जावई."

सूर बदलला नाही. स्वयंपाकघरातला नळ तेवढा बंद झाला.

"ते जोडलेलं नाहीये आता," ठकी म्हणाली. "राहू दे."

"राहू दे म्हणजे कुठे?"

"यादीत नसलं तरी चालेल."

बाबांनी पेन्सिल कागदावर टेकवली आणि उचलली. मधल्या रेघेवर एक टिंब राहिलं. "ठकीचा लॅपटॉप," ते पुढे म्हणाले.

"पाहुणे."

"अगं, तू काय पाहुणी आहेस का?" आई हात पुसत दारात आली.

"चार दिवसांसाठी तर आलेय. घरच्यांत उगाच गर्दी कशाला? सात दिवसांची मुदत घालते, पुरून उरेल."

चार दिवसांपैकी तीन संपले होते. ठकी दोन बॅगा घेऊन आली होती आणि दुसरी तिने अजून उघडली नव्हती. ती नवऱ्याच्या घरी परत जाणार नव्हती. हे सांगणारं वाक्य तिने येताना गाडीत नऊ वेळा तयार केलं होतं, नवव्यांदा ते सगळ्यात लहान झालं होतं, आणि तरी दारात पोचल्यावर तोंडातून निघालं ते, "सुट्टी नाहीये, घरूनच काम करीन म्हटलं." दोन वर्षांपूर्वी बाबा म्हणाले होते, थोडं थांब, त्या मुलाला जरा ओळखू दे आपल्याला. त्यावर ती बेचाळीस दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. शेवटी बाबांनीच हॉल ठरवला, बाबांनीच पत्रिकांवर पत्ते लिहिले. तेव्हा आता ते लहान वाक्य बोलायचं म्हणजे त्याच्या मागून दुसरंही बोलावं लागणार, की बाबा, तुमचं बरोबर होतं. गाडी तिथेच अडत होती.

तिने घरच्या नेटवर्कचा पासवर्ड लॅपटॉपमधून पुसला आणि पाहुण्यांचा टाकला. मीटिंग त्या दिवशी एकदाही तुटली नाही.

तुटली ती आठव्या दिवशी, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी. प्रयोगशाळेचे प्रमुख एका तराजूच्या नोंदींबद्दल बोलत होते. "ह्यात जी चूक" एवढं म्हणून ते तोंड उघडं ठेवून थिजले. ठकीने आधी वायर तपासली, मग तिच्या लक्षात आलं.

"मुदत संपली वाटतं," बाबा दारातून म्हणाले.

"हो. वाढवते. येत्या रविवारी निघेन म्हणतेय."

"कितीने वाढवलीस?"

"सातनेच."

बाबांनी मान हलवली. खिशातल्या छोट्या वहीत त्यांनी काहीतरी टिपलं. त्या वहीत ते गॅसच्या टाकीची तारीखही टिपायचे, म्हणून तिने विचारलं नाही.

रविवार आला. ठकी निघाली नाही. "पुढच्या आठवड्यात बघते," ती म्हणाली, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशीच आणखी सात दिवस टाकून मोकळी झाली. आई म्हणाली, "त्यांचा फोन नाही आला बरेच दिवस." ठकी म्हणाली, "कामात असतील." आईने पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिने जेवायला तीन ताटं न विचारता घ्यायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात ठकी कोपऱ्यावरच्या दुकानातून सहा पानं छापून आली. वकिलाने पाठवलेली होती. पाकीट तिने ओढणीखाली धरलं होतं, तरी दार उघडायला आईच आली.

"घरात प्रिंटर असताना दुकानात?"

"पाहुण्यांना प्रिंटर दिसत नाही, आई. दोन नेटवर्क वेगळी आहेत ना."

"मग पेन ड्राइव्हवर द्यायचं ह्यांना. तेवढाच उद्योग."

आत जाऊन ठकीने पाकीट बॅगेत ठेवलं आणि बाहेर येऊन मटार सोलायला बसली. बाबा आधीच बसले होते. ते शेंगा लांबीप्रमाणे लावून घेत आणि मग सोलत. आई त्यावरून रोज बोलायची.

"आमच्याकडे पत्ता बदलल्याचे अर्ज यायचे," बाबा म्हणाले. सुरुवात कुठून झाली ते कुणाला कळलं नाही. "जुन्या पत्त्यावरचं माझं टपाल नव्या पत्त्यावर पाठवा म्हणून. अर्जावर दोन चौकोन. तात्पुरता आणि कायमचा. कायमचीच जाणारी माणसंसुद्धा तात्पुरत्यावर खूण करायची."

"का?"

"कायमच्याला कारण लिहावं लागे. तात्पुरत्याला तीन महिने असेच मिळायचे."

"आणि तीन महिन्यांनी?"

"मुदत वाढवायला यायची. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आली की आम्हीच कायमच्यात टाकायचो."

"कारण न लिहिता?"

"तो रकाना कोण वाचतं? टपाल पत्त्यावरून जातं."

"ह्यांना सगळीकडे टपालच दिसतं," आई म्हणाली. "माझा चष्मा हरवला तरी म्हणतात, चुकीच्या खणात पडला असेल."

"फ्रिजमध्येच सापडला ना?"

"तिथे मी नव्हता ठेवला."

ठकी हसली. मग बराच वेळ ती एकाच शेंगेतले दाणे मोजत राहिली. आठ होते, त्यातला एक बारका.

बाविसाव्या दिवशी तिने पावणेअकराला लॅपटॉप उघडला, मीटिंगच्या आधी मुदत वाढवावी म्हणून. पडद्यावर पिवळी पट्टी होती. 'हा पत्ता नेटवर्कवरचं दुसरं यंत्र वापरत आहे.' तिने कोपऱ्यात पाहिलं. लॅपटॉप पाहुण्यांच्या नेटवर्कवर नव्हता. घरच्यांच्या होता.

"माझं पण गेलं," बाबा संगणकासमोरून म्हणाले. त्यांनी हे जरा घाईने म्हटलं.

"बाबा, माझ्या लॅपटॉपवर घरचा पासवर्ड कुणी टाकला?"

"तू आंघोळीला गेली होतीस. उघडाच होता."

"तुम्हाला पाठ आहे?"

"हिला विचारला. हिला तोंडपाठ आहे, इतक्यांना दिलाय."

आई दारात होती. ठकीने तिचा फोन मागून घेतला आणि त्यावर राउटरचं पान उघडलं. आत एक यादी असते, नेमून दिलेल्या पत्त्यांची. एरवी राउटर प्रत्येक यंत्राला त्या वेळी रिकामा असेल तो पत्ता देतो आणि काढूनही घेतो. ह्या यादीत नाव घातलं की तो पत्ता त्याच यंत्राचा. यादीत आधी दोन ओळी होत्या, प्रिंटर आणि कॅमेरा. आज तिसरी होती. लॅपटॉपचा बारा अक्षरी क्रमांक एकही चूक न करता उतरवलेला. नावाच्या जागी 'ठकी', पुढे काही नाही. पत्त्याच्या शेवटी दहा. मुदतीच्या जागी 'कायम'.

बाबांची वही टेबलावर उघडी होती. तिच्या मुदतीच्या तीन तारखा एकाखाली एक लिहिलेल्या होत्या. तिसरीखाली रेघ होती.

"बाबा, दहा हा तुमच्या संगणकाचा पत्ता आहे," ती म्हणाली. संगणक बसवायला आलेल्या माणसाने तो आकडा पडद्याच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवला होता. "हा बघा, इथे लिहिलाय."

"माहितीये. तिथूनच बघून टाकला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम म्हणजे काय? एका घरात राहणाऱ्यांचा पत्ता एकच असतो."

ते सॉर्टिंगचा नियम सांगावा तसे म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. "इथे चालत नाही का तसं?"

"नाही. एका पत्त्यावर दोघं आले की राउटरला कळत नाही कुणाचं कुणाला द्यायचं. दोघंही अडकतात."

"मग काय टाकायचं?"

अकराला नऊ मिनिटं होती. ठकीने फोन बाबांच्या हातात दिला. "दहाच्या जागी अकरा टाका. लागूनच आहे, आणि रिकामा आहे."

बाबांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला. तर्जनी आकड्यांवर आणली. दहातलं शून्य खोडलं.

"बाबा," ठकी म्हणाली. ती खिडकीकडे बघत होती. "मी परत जाणार नाहीये."

बोट तिथेच राहिलं. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, थांबलं, पुन्हा चालू झालं.

"एकावर एक," बाबा म्हणाले. "अकरा." त्यांनी आकडा दाबला. "आता सेव्ह?"

"सेव्ह."

"तुमचं तेव्हा..." ठकीने सुरू केलं.

"संगणक बंद करून चालू करू का मी?"

"करा."

आईने फोन परत घेतला आणि पदराने त्याची काच पुसली. "कपाटाचा खालचा कप्पा परवाच रिकामा केलाय मी," ती म्हणाली. "कागद घालून ठेवलाय. त्यावर नीट घडी करून ठेव कपडे, कोंबू नकोस." आणि ती आत गेली. नळ सुरू झाला, आणि बराच वेळ तसाच चालू राहिला.

संगणक सुरू व्हायला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात लॅपटॉपवरची पिवळी पट्टी गेली. ठकी बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावरून हात पुढे घेऊन तिने संगणकावर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली.

"हे काय करतेस?"

"तुमच्या दहावरून माझ्या अकराला पाकिटं पाठवून बघते. पोचली की तिकडून परत येतात."

"पाकिटं?"

"पाकिटंच म्हणतात त्यांना. खरंच."

बाबांनी चष्मा नाकावर घेतला आणि खुर्ची पुढे ओढली. ठकीने आज्ञा टाइप केली. एक ओळ उमटली, मग दुसरी, तिसरी, चौथी. बाबा प्रत्येक ओळीवर पेन्सिलीचं टोक नेत होते. शेवटी गोळाबेरीज आली आणि त्यांनी ती त्यांच्या त्या सुरात वाचली.

पाठवलेली चार, परत आलेली चार, हरवलेली शून्य.