मंडईतल्या फोनमधली बाई

मंगळवारी सकाळी मारुतीच्या ओट्यासमोर अख्खं गाव जमलं होतं. प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि एकही जण फोनमध्ये पाहत नव्हता. असं दृश्य मी आमच्या गावात पहिल्यांदाच पाहिलं. कुणी फोन लाल फडक्यात गुंडाळला होता, कुणी त्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं. एका म्हातारबुवांनी तर तो लिंबासकट सुतळीने बांधून वासरासारखा धरून आणला होता.

ओट्यावर सिमकार्ड महाराज बसले होते. गळ्यात बंद पडलेल्या सिमकार्डांची माळ, कपाळावर अष्टगंधाने काढलेला टॉवर, कमरेला पॉवर बँक.

"जय टॉवर!" महाराज गरजले.

"जय पॉवर!" गाव गरजलं.

"तुमच्या फोनमंदी जे बाई हासते नं, ते साधीसुधी नाही. फोरजीची बाई आहे! तिच्यावर टूजीचा मंतर चालत नाही. तिले काढाले फुल नेटवर्कवालाच माणूस पायजे!"

ही बाई गावात आली कशी, ते आधी सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात गावभर खरेदी. यंदा मंडईत एकाने फोनचा ठेला लावला. एवढा मोठा स्क्रीन, एवढा स्वस्त, की नाटकाचा पडदा वर जायच्या आत ठेला रिकामा झाला. बत्तीस घरांत एकाच जातीचे बत्तीस फोन गेले.

पंधरा दिवसांनी ते आपोआप उजळू लागले. बंद स्क्रीनवर लाल ओठांची एक बाई यायची आणि हसायची. पुढे ती बोलायलाही लागली. शेजारच्या गिरजाबाईंच्या यजमानांची तेरवी होती. फोटोला हार घातला, पानं वाढली, सगळे हात जोडून उभे राहिले आणि फळीवरचा फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "बधाई हो! आप जीत गए!"

त्यानंतर गावात कुणाला शंका उरली नाही.

महाराज पवनीकडून आले आणि पहिला इलाज सांगून गेले: फोन सात दिवस नव्या धानात पुरून ठेवा. आमच्याकडे पाण्यात पडलेला फोनही तांदळातच ठेवतात, त्यामुळे ते लगेच पटलं. घरोघरच्या ढोल्यांमध्ये, म्हणजे शेणमातीने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत, फोन गेले. बाई खरंच गप्प झाली. बॅटरी संपल्यावर कोण बोलणार? फोन काढून चार्जिंगला लावले, तशी ती ताजीतवानी होऊन परत हसायला लागली. "भलती जिद्दीची आहे," महाराज म्हणाले, आणि दुसऱ्या इलाजासाठी हा दरबार भरला.

त्यांनी एकाचा फोन घेतला, आत काहीतरी उघडलं आणि बोटाने टिचक्या मारायला लागले. चौथ्या टिचकीला फोन उंच धरला. अर्ध्या स्क्रीनवर अंगठा, आणि उरलेल्या अर्ध्यात सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं: ३ पावले.

"पाहा! बाई तीन पावलांवर आली!"

टिचकी. २ पावले. टिचकी. १ पाऊल. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. सातव्या टिचकीला महाराज किंचाळले, "उंबरठा ओलांडला!" मग त्यांनी आत काहीतरी खुडबुड केली आणि त्या फोनमधली बाई खरोखर बंद झाली.

मी लग्नाआधी पवनीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन वर्षं शिकवलंय. ती पावलं कुणाची, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी कडेवरच्या मोनाने उघडलं. आठ महिन्यांच्या लेकराची भूक दरबार पाहत नाही. मी ओट्यामागे जाऊन तिला पदराखाली घेतलं, आणि तेवढ्यात माझ्या नणंदेचा आवाज ऐकू आला.

"महाराज, ते जाहिरात आहे जी. बाई नाही."

शुभांगी अठरा वर्षांची आहे. खरं ते मोठ्याने बोलते, ही तिची खोड.

महाराजांनी तिला खालून वर न्याहाळलं. "पोरगी हुशार आहे. बाई हुशार पोरीच्याच फोनमंदी ठाण मांडते. सोमाजीभाऊ, हिचा फोन गुरुवारी वैनगंगेत सोडा. सिमासकट! अन् लगन होईपर्यंत हिच्या हाती फोन देऊ नका."

माझे सासरे सोमाजी तसे भांडखोर नाहीत. पण चारचौघांत लेकीचं नाव निघालं की ते दगड होतात. घरी येऊन त्यांनी शुभांगीचा फोन गुरुवारपर्यंतसाठी ढोलीत टाकला आणि ढोलीचं तोंड स्वतःच्या हाताने लिंपून घेतलं.

"बाबा, नर्सिंगची यादी उद्या लागते," शुभांगी रडकुंडीला आली. "गुरुवारी पाच वाजेपर्यंत सीट पक्की कराची आहे. ओटीपी त्याच नंबरवर येते."

"नर्स-बिर्स मंग पाहू. पह्यले घरातली पीडा जाऊ दे."

बुधवारी दुपारी मी माझ्या लॅपटॉपवर यादी उघडली. भंडाऱ्याच्या कॉलेजात शुभांगीचं नाव होतं, वरून नववं. ती हसली नाही. मोनाला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिच्या जावळातून बोटं फिरवत राहिली. "वैनी, मी कॉलेजात गेली तर हे मले विसरून जाईन नं?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आता कुठं जाऊन राहिली म्हना मी."

माझा नवरा मंगेश नाकाडोंगरीकडे खाणीवर असतो, रविवारी येतो. गुरुवार रविवारच्या आधी येतो. मामाजी, म्हणजे सासरे, शेतावर गेलेले पाहून मी स्टूल घेतलं आणि ढोलीचं तोंड खुरप्याने खरवडायला लागले.

"का करून राहिली वं कामिनी?"

मागे सासूबाई, रुखमिणीबाई.

"काही नाही आत्याबाई. धानाले कीड लागली का पाहत होती."

"पंधरा दिवसाच्या धानाले?" रुखमिणीबाई पदराला हात पुसत जवळ आल्या. "खुरपं ठेव खाली. खरं सांग."

मी खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी डोळ्यानं पाहिलं नं पण. तीन पावलं, दोन पावलं."

"तुमचा फोन आणा."

त्यांचाही फोन मंडईतलाच. मी त्यांना त्यांच्याच बोटाने सेटिंग उघडायला लावलं. मग 'फोनविषयी', मग खाली 'बिल्ड नंबर'. "इथं बोट मारा. मारत राहा."

त्या घाबरत घाबरत मारत गेल्या. स्क्रीनवर ओळ आली. आत्याबाई प्रौढशिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकल्या, एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचतात. "वि-का-स-क हो-ण्या-पा-सून तु-म्ही ३ पा-व-ले दूर आ-हा-त. विकासक म्हंजे?"

"फोन घडवणारे लोक. त्यांच्यासाठी आत एक दार ठेवलं असते. कोणाच्या हातानं चुकून उघडू नये म्हणून सात टकटक मागते. बस्स. महाराज अर्धी ओळ अंगठ्याखाली झाकते."

सातवी टिचकी. 'तुम्ही आता विकासक आहात.'

"मीच केलं?"

"तुम्हीच."

"मंतर नाही म्हटला."

"नाही."

"अजून आंग बी नाही धुतलं मी!"

विश्वास बसेना म्हणून त्यांनी पुन्हा टिचकी मारली. आता फोन म्हणाला, 'तुम्ही आधीच विकासक आहात, गरज नाही.' आत्याबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा बोटाखाली धरून वाचली. मग इतक्या गोड हसल्या, की मला महाराजांची कीव आली.

"ढोली उद्या फोडू," त्या म्हणाल्या. "आता चोरून काढला, तर पोरगी जन्मभर चोरूनच वापरीन. मोकळ्यावर काढू."

गुरुवारी दरबार पुन्हा भरला. आत्याबाई सगळ्यांत पुढे.

"महाराज, पह्यले माझ्या फोनमंदली काढा. मंग पोरीचा फोन गंगेले."

महाराजांनी डोळे मिटले, टॉवर-पॉवर झालं, सेटिंग उघडलं. टिचकी, टिचकी, टिचकी. चौथ्या टिचकीला सवयीने फोन उंच धरला, अर्ध्यावर अंगठा ठेवला आणि न पाहताच ओरडले, "पाहा! बाई तीन पावलांवर..."

"शुभांगे, वाच वं," आत्याबाई म्हणाल्या.

शुभांगीने खणखणीत वाचलं, "गरज नाही."

महाराजांनी फोन उलटा करून पाहिला आणि आणखी दोन टिचक्या मारल्या. गरज नाही.

"महाराज," आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "बाई म्हणून राहिली का तुमची गरज नाही. अंगठा काढा, त्याच्याखालचं बी वाचू द्या."

महाराज उसळले. "या घरात अविश्वास आहे! आता मूळपूजाच करा लागते! मुळापासून काढतो!"

"माझ्या फोनची केली नं मूळपूजा," गर्दीतून गिरजाबाईंचा आवाज आला. "मंगळवारी सांजच्याले. बाई गेली. पण बँकेचं उघडत नाही म्हणते. अन् ह्यांचे फोटो बी दिसत नाही."

मी मोनाला शुभांगीकडे दिलं आणि गिरजाबाईंचा फोन हातात घेतला. फोन नव्यासारखा कोरा होता. महाराजांनी तो रूट केला होता. रूट म्हणजे कंपनीने लावलेलं शेवटचं कुलूप फोडून फोनची सगळी सत्ता हातात घेणं. ते कुलूप उघडताना फोन आतला सगळा ऐवज पुसून टाकतो, आणि कुलूप तुटलेलं दिसलं की बँकेचं ॲप दार उघडत नाही. जाणकार माणूस आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतो. महाराजांनी विचारलंही नव्हतं.

"पोरी, त्यायचा आवाज होता त्याच्यात. दवाखान्यातला. येईन का वापस?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही मावशी," मी म्हणाले. "नाही येत."

गिरजाबाई रडल्या नाहीत. त्यांनी फोन पदरात बांधला आणि महाराजांकडे पाहत उभ्या राहिल्या. सगळं गाव त्यांच्याबरोबर पाहत उभं राहिलं. मग महाराजांना अचानक पवनीची बस आठवली. माळेतली सिमकार्डं खडखडवत ते ज्या वेगाने गेले, तेवढा वेग आमच्या नेटवर्कला कधी मिळालेला नाही.

ओट्यावरच मी लॅपटॉप उघडला आणि आत्याबाईंचा फोन केबलने जोडला. त्या सात टिचक्यांच्या दारातून आत एक परवानगी असते, कॉम्प्युटरने फोनशी बोलायची. ती फक्त चालू केली.

"भूत कुठं आहे मंग?" कुणीतरी विचारलं.

"हे तीन ॲप. कंपनीनंच घालून दिले. फोन स्वस्त पडला नं तुम्हाले? घर तुम्हाले स्वस्तात देलं, अन् ओसरीवर आपला माणूस बसवून ठेवला. तो दिवसभर जाहिरात ओरडते, पैसे मालकाले जाते. साध्या रस्त्यानं त्याले उठवता येत नाही, काढाचं बटनच नाही ठेवलं."

मी एक ओळ लिहिली. उत्तर आलं: सक्सेस. दुसरी, तिसरी. लाल ओठांची बाई गेली. लिंबू लागलं नाही, धान लागलं नाही आणि कुलूपही फोडावं लागलं नाही.

"कायमची गेली?" आत्याबाईंनी विचारलं.

"ओसरीवरून उठवली. तिची पेटी आत माळ्यावरच आहे. कधी फोन पुसून नव्यासारखा केला, तर परत येऊन बसीन. मंग परत उठवू."

लोक रांग लावायला लागले. पण माझे डोळे मामाजींवर होते. ते गर्दीतून निघून घराकडे चालले होते. आम्ही मागे धावलो. पोचलो तेव्हा त्यांनी फावड्याने ढोलीचं तोंड फोडलं होतं आणि खांद्यापर्यंत हात धानात घालून ते चाचपडत होते.

"सापडून नाही राहिला," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "इथंच तं ठेवला होता मी."

शेवटी धान अंगणात ओतावं लागलं. सव्वाचार वाजता फोन चार्जरला लागला, पावणेपाचला उघडला. शुभांगीने लॅपटॉपवर नंबर टाकला. मामाजी फोन तळहातावर धरून बसले, अंडं धरावं तसा. पाचला दहा कमी असताना तो थरथरला. बाई हसली नाही. सहा आकडे आले. मामाजींनी ते मोठ्याने वाचले, एकदा चुकले, पुन्हा वाचले. सीट पक्की झाली.

त्यानंतरच्या आठवड्यापासून, मोना झोपली की मी घरोघरचे फोन साफ करते. शुभांगी माझ्यापेक्षा भराभर करते. आम्ही प्रत्येकीला तेच सांगतो. ज्या ॲपचं नाव ओळखू येत नाही, ते विचारल्याशिवाय काढू नका, त्यातली काही फोनच्या जिवाची असतात. फोटो आधी दुसरीकडे उतरवा. फोनमध्ये जे काही घडतं, ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, आणि लिहिलेलं वाचता येतं. आणि घरातल्या लेकीच्या हातातून फोन काढून घ्यावासा वाटला, तर आधी त्यात काय चाललंय ते तिलाच विचारा. बहुतेक वेळा तिला ते माहीत असतं.