दोन टप्पे खाली

अप्पांच्या हातात कात्री आली की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलक्या घेऊ लागायचं. शेजारच्या खुर्चीवर लेक पंधरा वर्षं केस कापत होती. बापाच्या हाताला तोड नाही, हे ती मनोमन मानायची. पण तोंडावर कधी बोलली नाही. अप्पा आधीच हरभऱ्याच्या झाडावर चढलेले, त्यांना आणखी कुठे चढवायचं?

यंदा मात्र अप्पा गिऱ्हाइकाची खुर्ची खाली घेऊ लागले. आधी एक टप्पा, मग दोन. हात वर जाईना, म्हणून डोकंच खाली आणायचं! तरी केस कापावेत ते त्यांनीच. लेकीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

शनिवारी ते म्हणाले, "सोमवारपासून दुकान तुझं. वय झालं आता."

"खुर्ची कधीपासून खाली घेताय?"

चोरी पकडली गेली होती. "ती कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली ना, त्या सुमारास."

लेकीनं घरातली सगळी औषधं पिशवीत भरली आणि अप्पांना तडक डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं.

"गाउटची ही गोळी पायाचा अंगठा सुजला तरच घ्यायची होती," बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी घेता?"

"रोज," अप्पा ताठ मानेनं म्हणाले. "वस्तऱ्याला धार रोज लावायची असते. बोथट व्हायची वाट बघणारा न्हावी कसला?"

बाईंना हसू आलं, पण क्षणभरच. या वयात मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात साचतं. त्यात या कोलेस्टेरॉलच्या गोळीची भर पडली की स्नायू दुबळे होऊ शकतात. "सगळं वयावर ढकलू नका, अप्पा." त्यांनी रक्त तपासलं, दोन्ही गोळ्या थांबवल्या.

लेक एकटीच दुकान चालवत राहिली. अप्पांच्या खुर्चीवर तिनं कुणाला बसू दिलं नाही.

सात आठवड्यांनी अप्पा आले. जुन्या गिऱ्हाइकाला बसवलं, पायानं दांडा दाबला. एकदा, मग पुन्हा एकदा. खुर्ची पूर्वीच्या जागी आली आणि अप्पांचा हात गिऱ्हाइकाच्या डोक्याच्याही वर गेला. कात्री चालू लागली.

"बाई, माझ्या डोक्याकडे बघा की!" लेकीचं गिऱ्हाईक कुरकुरलं.

तिचे डोळे भरून आले होते. "अप्पा, तुमच्या हाताला तोड नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"ठाऊक आहे," अप्पा म्हणाले. "पंधरा वर्षं लावलीस सांगायला."