मऊ पडलेला ब्रेक

चिंतामणरावांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. जीभ वाचली होती, उजवी बाजूही धड होती. पण डावा हात आणि डावा पाय सांगितलेलं ऐकत नव्हते. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. दर पंधरा दिवसांनी त्यांना मलकापूरहून बुलढाण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागे. ते काम शरयूताईंकडे आलं.

शरयूताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. लायसन्स त्यांच्या पर्समध्ये बारा वर्षं नुसतं पडून होतं. नवऱ्याच्या आजारपणात त्या महिनाभर सकाळी मैदानावर गाडी फिरवून नव्याने शिकल्या. पहिल्या-पहिल्या फेऱ्यांना चिंतामणराव शेजारी बसून सारखे सांगत राहायचे, आता गिअर बदल, आता हॉर्न दे, एवढं डावीकडे नको. एकदा मोताळ्याच्या चौकात ट्रॅक्टर आडवा आला, मागून हॉर्न वाजू लागले आणि त्यातच यांच्या सूचना. त्या वैतागून म्हणाल्या, "गाडी मी चालवतेय ना? मग मला चालवू द्या." त्यानंतर चिंतामणराव गाडीत खिडकीबाहेर बघत बसू लागले. शरयूताईंना आधी बरंच वाटलं. पुढे ती शांतता जड वाटू लागली, पण ती मोडायची कशी हे त्यांना सुचलं नाही.

गाडीचं सगळं आतापर्यंत चिंतामणरावच बघत. शरयूताई पेट्रोल भरत, हवा तपासून घेत आणि तेवढ्याने झालं असं समजत. आपल्याला कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण विचारायला गेलं की नवऱ्याला हातातून सुटलेल्या गोष्टींची आठवण करून दिल्यासारखं होईल, म्हणून त्या विषयच काढत नसत.

एप्रिलातली दुपार होती. डॉक्टरांनी पायात थोडी सुधारणा आहे म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे परतताना शरयूताईंचं मन हलकं होतं. बुलढाणा मागे पडलं आणि राजूरचा घाट सुरू झाला. उतार होता, म्हणून त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्येच ठेवली आणि पाय ब्रेकवर. तीन वळणं गेली. चौथ्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला तर तो ओल्या कापडावर पाय पडावा तसा खाली गेला. गाडीचा वेग कमी झाला नाही. पुन्हा दाबला. पायाखाली काहीच लागेना.

"अहो, ब्रेक लागत नाहीये," त्या म्हणाल्या. आवाज आपला नाहीच असं त्यांना वाटलं.

चिंतामणराव खिडकीकडून वळले. "क्लच दाब. तिसरा टाक. हं. आता दुसरा. घाबरू नकोस, मी आहे."

इंजिन ओरडलं, गाडीला हिसका बसला, वेग थोडा मोडला. चिंतामणरावांनी उजवा हात हँडब्रेकवर घेतला, त्याचं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि तो हळूहळू वर ओढू लागले. "डोंगराच्या अंगाला घे. मुरुमावर." गाडी रस्ता सोडून खडखडत चढली, कडेच्या मातीला घासली आणि थांबली. मागून येणारी एसटी बाजूने निघून गेली.

शरयूताईंनी इंजिन बंद केलं. मग चिंतामणराव समोर बघतच म्हणाले, "मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"ब्रेक मऊ पडलाय ते. मागच्या खेपेला रेल्वे फाटकापाशी गाडी उशिरा थांबली. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, त्याला तीन वर्षं होऊन गेली."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू म्हणाली होतीस ना, मला चालवू द्या."

शरयूताईंना राग आला, रडूही आलं. पण पेडल सैल लागतंय हे त्यांच्याही पायाला महिनाभर जाणवत होतं. जुनी गाडी, तसंच असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. ते त्यांनी आता सांगितलं. मग त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

मोताळ्याचा मेकॅनिक गोविंदा मोटारसायकलवर आला तोवर ब्रेक थोडा लागू लागला होता. तरी तो गाडी स्वतः पहिल्या गिअरमध्ये सावकाश गॅरेजवर घेऊन गेला. बॉनेट उघडून त्याने ब्रेक ऑइलच्या छोट्या डबीचं झाकण काढलं. आतलं तेल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं.

"हे हवेतलं पाणी धरते न काकू," तो म्हणाला. "घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते. मंग तुमी कितीबी दाबा, ब्रेक लागत नाई."

वर्गात दरवर्षी वाफेचा धडा शिकवणाऱ्या शरयूताई मान खाली घालून ऐकत राहिल्या. गोविंदाने इंजिन थंड ठेवणारं कूलंटही दाखवलं. ते गंजाच्या रंगाचं झालं होतं, पातळी खुणेच्या खाली गेली होती. या उन्हाळ्यात इंजिनच बसलं असतं, असं तो म्हणाला.

जुनं तेल काढून नवं भरायचं तर एकाने चाकापाशी बसायचं आणि दुसऱ्याने आत पेडल दाबून धरायचं. गोविंदा त्या दिवशी एकटाच होता. शरयूताई पुढे झाल्या, पण त्याने चिंतामणरावांकडे बघितलं. "काका, उजवा पाय चालते न तुमचा? तुमी दाबसान का?"

चिंतामणराव क्षणभर बायकोकडे बघत राहिले. मग दोघांच्या आधाराने ते गाडीला वळसा घालून आले आणि स्टेअरिंगमागे बसले. डावा हात त्यांनी उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

"दाबा. धरून ठेवा. सोडा." गोविंदा एकेका चाकापाशी जाऊन सांगत होता. चाकापाशी लावलेल्या नळीतून आधी काळं तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर. शेवटच्या चाकाला चिंतामणराव आपणच म्हणाले, "अजून हवा आहे आत. पायाला कळतंय." गोविंदाने पुन्हा नट ढिला केला. आणखी दोन बुडबुडे निघाले.

गॅरेजमधून निघताना शरयूताईंनी इंजिनाचं तेल कसं बघायचं ते विचारलं. गाडी सपाट जागी हवी, इंजिन थंड हवं, तेल मोजायची पट्टी आधी पुसून घ्यायची, मग परत घालून बघायची, असं चिंतामणराव सविस्तर सांगत बसले. ते सांगताना मलकापूर जवळ आलं. रेल्वे फाटक बंद होतं. शरयूताईंनी बऱ्याच आधी पाय ब्रेकवर ठेवला.

"जरा आधीच दाबलास," ते म्हणाले, आणि लगेच गप्प झाले.

"सांगा ना," शरयूताई म्हणाल्या. "किती आधी?"