पहिले दोन सेकंद

“गार आहे,” बॉनेटवर तळहात टेकून आमचे हे म्हणाले. “आता खरं बोलेल. थांबा, मी सांगेन तेव्हा चावी फिरवा.”

जुन्या गाड्या विकणारे मोठे बेरकी. गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतात. तापलेलं इंजिन म्हणजे पाहुण्यांसमोरची सासू, नुसती साखर! थंड इंजिनाला मात्र पहिले दोन सेकंद खोटं बोलताच येत नाही. म्हणून बॉनेट जरा जरी कोमट लागलं, की हे “उद्या येतो” म्हणून निघायचे आणि दुसऱ्या दिवशी, गाडीवाला दात घासत असतानाच दारात हजर.

लोक यांना कानमिस्त्री म्हणायचे. जुनी जर्मन गाडी घ्यायची म्हटलं, की डॉक्टर काय, वकील काय, आधी यांना घेऊन जायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. मी तर सगळ्यांना सांगायचे, यांनी एकदा ट्रकचं नुसतं इंजिन ऐकून ओळखलं, की ड्रायव्हर बायकोशी भांडून उपाशी निघालाय. लोकांना पटायचंसुद्धा.

आणि त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्यांपैकी आम्ही दोघं सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, की यांचे कान दीड वर्षापूर्वीच गेलेत.

हळूहळू गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल, मग मी. “माझी बडबड बंद झाली, सुटलात एकदाचे,” असं मी म्हणाले, तर माझे ओठ वाचून हसले. पण बाहेर सांगायची सोय नव्हती. कान गेलेल्या कानमिस्त्रीला कोण बोलावणार? लेकीलाही कळू दिलं नाही. तिला वाटायचं, बाबा वयाने घुमे झालेत.

मग मी यांच्याबरोबर जायला लागले. “म्हातारीला गाड्या बघायची हौस,” असं सांगायचो. चाळीस वर्षं गॅरेजच्या मागच्या खोलीत संसार केलेला, इंजिनाची बोली मला येत नसेल तर कुणाला? धूर, तेल, थरथर हे सगळं हे हाताने आणि नाकाने ओळखायचे. अडायचं ते चेनपाशी. या गाड्यांच्या इंजिनात आतल्या अंगाला एक चेन असते. तिचे आधार झिजले, की थंड इंजिन सुरू होताना ती दोन सेकंद खुळखुळते, डब्यात खिळे हलवल्यासारखी. तेल वर चढलं की गप्प. ते दोन सेकंद माझे. हे हात पाठीमागे धरून उभे राहायचे. तळहातावर मी एक टिचकी मारली तर गाडी ठीक, दोन मारल्या तर चला घरी. अशा अकरा गाड्या बघितल्या. एकही चुकली नाही.

ही बारावी. आणि गिऱ्हाईक आमचे जावई.

जावयांचा छापखाना बंद पडला होता. मोठी गाडी घेऊन हॉटेलांतल्या पाहुण्यांना ने-आण करायची, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी लेकीने राहती जागा विकली आणि पोराबाळांना घेऊन भाड्याच्या दीड खोलीत गेली.

“बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच घेऊ,” ती यांच्यासमोर उभी राहून म्हणाली. “माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.”

यांनी हात पाठीमागे धरला. मी जवळ सरकले.

गाडीवाला गोडबोल्या होता. चावी हातात खेळवत म्हणाला, “आजी, मघाशी त्या कोंबडीचं काय सांगत होतात? अर्धवट राहिलं बघा.”

माझ्या जिभेला काय, निमित्तच हवं. “अहो, यांनी एकदा इंजिन असं जुळवलं, असं जुळवलं, की शेजारची कोंबडी त्या घरघरीवर पेंगली! आणि तिथेच बॉनेटवर...”

यांनी मान हलवली. चावी फिरली.

“...अंडं घालून गेली! तेही उकडलेलं!”

गाडीवाला खो खो हसला. जावईसुद्धा हसले, कित्येक महिन्यांनी. आणि हसणं ओसरलं तेव्हा इंजिन मधासारखं वाहत होतं.

यांचा तळहात उघडा होता. वाट बघत होता.

मला म्हणता आलं असतं, आज नको, उद्या गार झाली की परत लावू. पण लेकीचे डोळे बापाच्या तोंडावर होते आणि जावयांचा चेहरा उजळला होता. वाटलं, इतकी गुणी चालतेय, असेल बरी. मी एक टिचकी मारली.

“घ्या,” हे म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात भर रस्त्यात चेन तुटली आणि सगळं इंजिन आतल्या आत फुटलं. जावयांनी लांबच्या गावी एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. जायच्या आधी लेक एकटीच आली. बसलीसुद्धा नाही.

“बाबा, सगळ्या जगाच्या गाड्या ऐकल्यात. माझीच नाही ऐकू आली?”

“नाही आली,” हे म्हणाले. “मला आता काहीच ऐकू येत नाही. दीड-दोन वर्षं झाली. मी लपवलं.”

मी तोंड उघडलं, तर यांनी माझं मनगट असं दाबलं की कळ आली.

“म्हणजे माझं घर तुम्ही अंदाजाने घालवलंत?” असं म्हणाली आणि चपला पायात नीट न घालताच जिना उतरली. त्यानंतर बापाशी अक्षर बोलली नाही.

ती गेल्यावर मी यांच्यासमोर बसले. “अहो, चूक माझी होती. मी ऐकलंच नव्हतं.”

“माहीत आहे. दिसलं मला,” हे म्हणाले. “चावी फिरली तेव्हा तुझे ओठ हलत होते. कोंबडी अंड्यापर्यंत आली होती.”

“मग ‘घ्या’ का म्हणालात?”

“वाटलं, तू बोलता बोलताही ऐकत असशील.” मग माझं दुखरं मनगट चोळत म्हणाले, “दोघांपैकी एक तरी उरू दे तिला.”

मी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. कान माझे होते, टिचकी माझी होती, सगळं. ती थकल्यासारखी हसली. “आई, पुरे गं. बाबांसाठी आता ही नवी थाप?” मी शपथ घेतली. “कोंबडीच्या वेळीही घेतली होतीस,” ती म्हणाली. आणखी दोनदा सांगून बघितलं. जन्मभर थापा मारल्या, सगळ्यांनी हसत हसत ऐकल्या. एकदाच खरं बोलले, तर घरचंच माणूस ऐकेना.

आता तिचा दर रविवारी फोन येतो. मी भिंतीकडे तोंड करून बोलते, माझे ओठ यांना दिसू नयेत म्हणून. ती माझे गुडघे विचारते, गोळ्या विचारते, पोरांच्या परीक्षांचं सांगते. यांचं नाव काढत नाही. बरं, ठेवते, म्हणते.

मी वळते तेव्हा हे खिडकीबाहेर बघत उभे असतात. हात पाठीमागे. तळहात उघडा.

मी एक टिचकी मारते.

हे मूठ मिटतात, आणि बराच वेळ उघडत नाहीत.