अंगठ्याची खोबण

माझा मुलगा सख्ख्या बापाला भेटायला यायचं असलं तरी आधी गिटारीच्या कंपनीला विचारतो. मोठा गिटारवाला ना तो! शिंकायचं झालं तरी करारात बसतं का बघून शिंकेल.

बाप अंथरुणाला खिळून तीन महिने झाले. दोन्ही डोळे गेलेले. तोंडात एकच धोशा, "माझी गिटार एकदा आण म्हणावं त्याला. हात लावू दे."

माझी म्हणजे यांनी स्वतः केलेली. हे सुतार. उभा जन्म लोकांची दारं-खिडक्या केल्या. पोरगा चार वर्षांचा होता तेव्हा हे एक दार बसवून लावून बघत होते आणि बिजागरीच्या फटीत पोराचा डावा अंगठा सापडला. हाड जुळलं, पण अंगठा पुढे कधी वाकला नाही. यांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. मी काढायची, भांडणात, यांना टोचेल असं बघून.

मोठा झाल्यावर पोराला गिटारीचं वेड लागलं. दुकानातल्या एकाही गिटारीवर तो ताठ अंगठा बसेना. तेव्हा यांनी मोडीत निघालेल्या एका दाराची जाड फळी घरी आणली आणि आठ महिने कामावरून आल्यावर घासत बसले. विजेवरची गिटार यांनी जवळून कधी पाहिलीसुद्धा नव्हती. तारा जिथं दाबतात त्या दांडीच्या मागं कानशीनं एक खोबण काढली, ताठ अंगठा नीट निजेल एवढी. पोराला बोलवायचे, हात ठेवून बघायचे, परत घासायचे.

पहिल्या कार्यक्रमाला निघायच्या घाईत मी त्याच्या शर्टाला इस्त्री करत होते, आणि गरम इस्त्री टेकवली ती थेट गिटारीवर. होडीसारखा तपकिरी डाग पडला, बोटाला लागेल एवढा खोल. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतात. हे हसले. म्हणाले, "झालं. तुझीही सही झाली."

पोरगा गाजला, तसा कंपनीचा माणूस आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं मला सगळा इतिहास ऐकवला. पूर्वी म्हणे गिटार करणारे नावाजलेल्या वादकाला एक नग फुकट द्यायचे आणि तो हातात धरलेला फोटो छापायचे. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, फोटो कशाला, नावच घाला गिटारीच्या माथ्यावर. तेव्हापासून लाकूड मागं पडलं आणि नाव विकायला लागलं.

"साबणाच्या वेष्टनावर नटी असते, तसं," मी म्हटलं.

"अगदी बरोबर, काकू!"

"ती नटी त्याच साबणानं आंघोळ करते का हो?"

त्यानं चहा संपवून कराराचे कागद पुढे सरकवले.

करार झाला. पोराच्या सहीची गिटार बाजारात यायची, आणि चारचौघांत त्यानं तीच वाजवायची. दुसरी हातात दिसता कामा नये. यांची गिटार नमुना म्हणून कंपनीकडे गेली ती गेलीच. आता त्यांच्या कचेरीत काचेच्या कपाटात असते.

नवी गिटार घरी आली तेव्हा मी निरखून पाहिली. माझ्या इस्त्रीचा डाग तिच्यावर होता, तसाच खोलगट! एकीवर नाही, म्हणे हजारोंवर. पत्रकात लिहिलं होतं, मंचावर आग लागली होती तेव्हाची खूण. फक्त टोक सरळ केलेलं. माझ्या इस्त्रीचं नाक वाकडं होतं, ते त्यांना शोभलं नसावं. आणि दांडीमागची खोबण नव्हती.

"बाकीच्यांचे अंगठे वाकतात, आई," पोरगा म्हणाला. "त्यांना कशाला खोबण?"

म्हणजे माझ्या पोराच्या नावाची गिटार सगळ्या जगाच्या हाताला बसते, त्याच्याच तेवढी बसत नाही. त्याचं वाजवणं उतरत गेलं. लोक नावाला टाळ्या देतात, म्हणून त्याचं झाकून जातं. मला ऐकू येतं.

आज दुपारी आला. "मिळाली, बाबा! एका दिवसापुरती दिली त्यांनी."

पेटी उघडली आणि मी डाग पाहिला. टोक सरळ. मला तिथंच कळलं, पण मी गप्प बसले. म्हटलं, जाणाऱ्या माणसाला दोन घटका बरं वाटेल. तेवढा गुन्हा माझाही.

यांनी डाग चाचपला. चेहरा असा उजळला की मला बघवेना. "तुझी सही," मला म्हणाले. मग बोटं दांडीच्या मागं गेली. वर गेली, खाली आली, परत वर गेली. कागदाएवढा उंचवटा डोळे मिटून सांगणारा हा माणूस.

शेवटी खोबणीच्या जागी थांबली. म्हणाले, "अंगठा बरा झाला का रे तुझा?"

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी खरं बोलेल.

"हो बाबा. एकदम बरा."

"बरं झालं," हे म्हणाले आणि हात पांघरुणात ओढून घेतला. पोरगा वाजवायला लागला. जरा वेळानं अंगठा सटकला, तार खरखरली. तोवर हे भिंतीकडे वळले होते.

दारात बुटाच्या नाड्या बांधताना पोरगा खुशीत. "बघितलंस ना, आई? ओळखलंच नाही त्यांनी. उलट इतक्या वर्षांचं ओझं उतरलं त्यांच्या मनावरचं."

मी दार धरून उभी राहिले.

"ओझं त्यांनी कधीच उतरवून ठेवलं होतं, त्या खोबणीत. ती आधी कंपनीनं बुजवली, आज तू बुजवलीस. आणि ओळखलं त्यांनी, मूर्खा! हाताला लागल्याबरोबर ओळखलं. तुला खरं बोलायला जागा करून दिली, तर तू त्यातूनही सटकलास. आता ते काही मागायचे नाहीत. तूही येऊ नकोस. बाप गेला की निरोप धाडीन. तेव्हा ये, कंपनीला विचारून."